धार-देवास आणि सार्वजनिक आरोग्याची विद्या

इंदूरहून ईशान्येकडे निघालेला प्रवासी सुमारे पस्तीस किलोमीटरांवर देवासला पोहोचतो. चामुंडेच्या टेकडीखाली वसलेल्या या गावाची एक गंमत जुन्या मंडळींच्या चांगली स्मरणात होती. एकच गाव, परंतु राज्ये दोन. थोरल्या बाजीरावाबरोबर माळव्यात उतरलेल्या पवार घराण्यातील तुकोजी व जिवाजी या भावांनी १७२८ साली ही दौलत उभी केली, आणि तिची थोरली पाती व धाकटी पाती अशी वाटणी झाली. १८४१ नंतर तर दोन्ही पात्यांचा कारभार सर्वस्वी वेगळा झाला. राजधानीतल्या मुख्य रस्त्याच्या एका अंगाला एका महाराजांचा अंमल, दुसऱ्या अंगाला दुसऱ्यांचा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंची दिवाबत्ती निराळी आणि पाणीपुरवठ्याची व्यवस्थाही निराळी!

माणसांनी ही वाटणी इमानाने पाळली. रोगांना मात्र ती मान्य नव्हती. पटकीला एका अंगाच्या घरातून निघून समोरच्या घरात शिरावयास कोणत्याही दरबाराचा परवाना लागत नसे, आणि प्लेगच्या उंदराने थोरली पाती व धाकटी पाती असा भेद कधी केला नाही. अशा गावाच्या प्रकृतीची काळजी वाहावयाची, तर दवाखान्यात येणाऱ्या रोग्याची नाडी पाहणे पुरेसे नव्हते. सबंध गावाचीच नाडी पाहता आली पाहिजे. ती पाहण्याची विद्या वेगळी आहे आणि ती वेगळी शिकावी लागते. आधीच नोकरीत असलेल्या डॉक्टराने ती कशी शिकावयाची, हा प्रश्न धार-देवाससारख्या लहान संस्थानांपुढे जेवढा अवघड होता तेवढा मोठ्या इलाख्यांपुढे कधीच नव्हता.

संस्थानांचा आकार पाहिला म्हणजे ही अडचण ध्यानात येते. १९०१ च्या खानेसुमारीत देवास थोरल्या पातीची वस्ती ६२,३१२ आणि धाकट्या पातीची ५४,९०४ होती. धार संस्थान त्या मानाने मोठे. त्याची वस्ती १,४२,११५, आणि त्यातला पुष्कळसा भाग विंध्याच्या उतारावरचा, भिल्ल-भिलाल्यांच्या पाड्यांचा. एवढ्याशा दौलतींना डॉक्टर मिळत तो मुख्यतः इंदूरहून. तेथील रेसिडेन्सीचे सर्जन डॉ. बोमाँट यांच्या प्रयत्नाने १८७८ साली इंदूरला वैद्यकीय शाळा निघाली होती. मध्य हिंदुस्थानातील संस्थानांच्या दवाखान्यांसाठी ‘हॉस्पिटल असिस्टंट’ तयार करणे हे तिचे काम. पुढे तीच शाळा सातव्या एडवर्ड बादशहांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. या शाळेतून बाहेर पडणारा तरुण पदवीधर नसे. तो परवानाधारक, त्या वेळच्या भाषेत लायसेन्शिएट. मोडलेले हाड बसवावे, गळू कापावे, हिवतापाला कोयनेल द्यावे, सर्पदंशाला जमेल ते करावे, मारामारीतल्या जखमांचा पंचनामा लिहून द्यावा आणि हिवाळ्यात देवी टोचणाऱ्यांच्या कामावर नजर ठेवावी, एवढा त्याचा पसारा. देवी हा शब्द मराठीत एकाच वेळी जगन्मातेचा आणि एका भयंकर रोगाचाही वाचक होता. टेकडीवरच्या देवीला नवस बोलून झाल्यावर खालच्या दवाखान्यातील देवीच्या लशीला हात पुढे करावयाचा, हे लोकांना पटवून देणे सोपे गेले नसेल. या परवानाधारक डॉक्टरांना कोणी कमी लेखू नये. अर्धे मध्य हिंदुस्थान त्यांच्याच हातून औषध प्याले.

परंतु गावाच्या आरोग्याची विद्या त्यांना कोणी शिकवली नव्हती. ती विद्याच मुळी नवी होती. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजाने १८७१ साली सार्वजनिक आरोग्याची पहिली पदविका सुरू केली आणि चार वर्षांनी केंब्रिजने तिचे अनुकरण केले. तिचे वैशिष्ट्य असे, की ती कोवळ्या विद्यार्थ्यांसाठी नव्हतीच. डॉक्टर होऊन चुकलेल्या माणसाने पुन्हा बाकावर बसून पाण्याचे रसायन, गटारांचा उतार, मृत्यूंची टिपणे आणि आरोग्याचे कायदे शिकावयाचे, अशी तिची योजना होती. १८८८ च्या इंग्रजी कायद्याने पन्नास हजारांवर वस्ती असलेल्या इलाख्यातील नव्या आरोग्याधिकाऱ्याजवळ सर्वसाधारणपणे अशी पदविका असली पाहिजे, असे ठरवून दिले. हा पन्नास हजारांचा आकडा देवासच्या माणसाने जरा मनात घोळवून पाहावा. तो कायदा माळव्यात लागू असता, तर एकाच रस्त्याच्या दोन अंगांना दोन पदविकाधारक आरोग्याधिकारी बसवावे लागले असते!

एका रोग्याकडे पाहणारा डोळा आणि समूहाकडे पाहणारा डोळा यांतील अंतर महाराष्ट्राला १८९६ साली चांगलेच दिसले. त्या वर्षीच्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांना ताप आणि जांघेत गाठ असलेला एक रोगी आढळला. त्या रोग्याला औषध देऊन ते घरी परतले असते, तरी त्यांच्या कर्तव्यात उणीव राहिली असे कोणी म्हटले नसते. पण त्या वस्तीत आणखी किती घरांत असाच ताप आहे, धान्याच्या वखारींत उंदीर का मरत आहेत, याचा त्यांनी मागोवा घेतला आणि हा प्लेग आहे, असे महापालिकेला स्पष्ट सांगितले. पुष्कळांना ते रुचले नाही. मुंबईचा व्यापार बसेल हे भय मोठे होते. पुढे तोच प्लेग रेल्वेच्या आणि व्यापारी मार्गांनी माळव्यातही पोहोचला. व्हिएगस यांच्याजवळ ती नजर उपजत असावी. राज्यकारभार मात्र उपजत नजरेच्या भरवशावर चालवता येत नाही. ती शिकवून तयार करावी लागते.

ती शिकावयाची तर कोठे, हाच प्रश्न होता. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील गोरे अधिकारी रजेवर विलायतेस गेले, की सार्वजनिक आरोग्याची पदविका घेऊन परत येत. संस्थानच्या लायसेन्शिएट डॉक्टराला ते दार बंद होते. त्याला विलायतेचा खर्च परवडणारा नव्हता, आणि पदविकेच्या प्रवेशाला लागणारी पदवी त्याच्यापाशी नव्हती. कलकत्त्यास सर लिओनार्ड रॉजर्स यांच्या खटपटीने उभे राहिलेले उष्ण कटिबंधीय रोगांचे विद्यालय १९२१ साली विद्यार्थ्यांसाठी उघडले, तेव्हा पहिल्यांदा मुलूखभरच्या नोकरीतल्या डॉक्टरांना आपल्याच देशात पुढे शिकावयाची सोय झाली. त्यापाठोपाठ ३० डिसेंबर १९३२ रोजी त्याच शहरात ‘अखिल भारतीय आरोग्य व सार्वजनिक स्वास्थ्य संस्था’ सुरू झाली. अमेरिकेच्या रॉकफेलर प्रतिष्ठानने तिच्यासाठी पैसा दिला होता. येथे डॉक्टर येत, आणि पुढे इंजिनियर, परिचारिका व आहारतज्ज्ञही येऊ लागले. लायसेन्शिएटांसाठीही तेथे एक वेगळा परवाना-अभ्यासक्रम निघाला. हुगळी जिल्ह्यातील सिंगूर येथे १९३९ साली संस्थेने ग्रामीण आरोग्यकेंद्र उघडले. वर्गात शिकलेले विद्यार्थी तेथे खेड्यात जाऊन तपासून पाहत. त्याच सुमारास संस्थेचे संचालक झालेले डॉ. जॉन ग्रँट यांनी चीनमध्ये पेकिंगला याच तऱ्हेचे आरोग्यकेंद्र चालवून दाखवले होते. डॉक्टराची प्रयोगशाळा म्हणजे वस्ती, असा त्यांचा आग्रह असे.

एवढी सोय झाल्यावरही लहान दरबारापुढचा पेच सुटत नव्हता, आणि तो पेच पैशापेक्षा माणसाचा होता. सबंध परगण्यात एक दवाखाना व एक डॉक्टर. त्याला वर्षभर कलकत्त्यास धाडावयाचे म्हणजे वर्षभर दवाखान्याला कुलूप लावावयाचे, किंवा कंपाउंडरच्या हाती तो सोपवावयाचा. ज्या वर्षी पटकी आली त्या वर्षी दिवाणाने डॉक्टराला सोडावे कसे? आणि ज्या वर्षी पटकी आली नाही, त्या वर्षी त्याला धाडण्याची निकड कोणाला वाटावी? शिकून आलेला माणूस परत त्याच गावात राहील की मोठ्या पगारावर मुंबईस किंवा ब्रिटिश इलाख्यात निघून जाईल, हीही शंका होतीच. अशा वेळी दरबाराने घातलेला खर्च भलत्याच गावाच्या कामी यावयाचा.

या विद्येचा काही अंश माळव्यात मागच्या दाराने आला, ही गोष्ट इतिहासात सहसा सांगितली जात नाही. स्कॉटिश पंडित पॅट्रिक गेडिस यांना होळकर दरबाराने इंदूरची नगररचना तपासण्यासाठी बोलावले होते. १९१८ साली त्यांचा दोन खंडांचा अहवाल छापला गेला. गेडिस हे वनस्पतिशास्त्रज्ञ; रोगी तपासणे हा त्यांचा व्यवसाय नव्हता. प्लेगला घालवावयाचे तर लोकांनी घरे झाडावीत, उंदीर काढावेत, आणि हे काम दिवाळीच्या सणात आनंदाने व्हावे, म्हणून त्यांनी इंदुरात एक मोठी मिरवणूकच काढली. तीत प्लेगच्या उंदराचीही प्रतिमा होती. पुढे १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूरच्या वनस्पती-संशोधन संस्थेत कुजलेल्या खताची जी पद्धत सिद्ध केली ती ‘इंदूर पद्धत’ या नावाने जगभर गेली. त्या कामी त्यांचे सहकारी होते यशवंत वाड. १९३१ साली दोघांच्या नावाने प्रसिद्ध झालेले पुस्तक शेतीच्या टाकाऊ पदार्थांविषयी आहे. तथापि वाडांनी एफ. के. जॅक्सन यांच्यासमवेत १९३४ साली जे टिपण लिहिले, त्याचा विषय माणसांच्या वस्तीतला मैला व कचरा आरोग्यास अपाय न होता शेताच्या उपयोगी कसा आणावा, हा होता. उघड्यावर पडलेली घाण खड्ड्यात थरांनी रचली, तिच्यात उष्णता वाढू दिली आणि वेळच्या वेळी ती उलटवली, म्हणजे माश्यांची पैदास थांबते व खत मिळते. एका मराठी रसायनज्ञाने शेतीच्या संस्थेत बसून सोडवलेला हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न होता. आरोग्याच्या शिक्षणात केवळ डॉक्टरांना बसवून भागत नाही, हे इंदुरात असे आपोआप सिद्ध झाले होते.

ते सबंध देशासाठी लेखी मांडण्याचे काम नाशिकला जन्मलेल्या एका मराठी ख्रिस्ती गृहस्थाकडे आले. सर जोसेफ भोर हे सनदी नोकर. पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि लंडन येथे शिक्षण, काही काळ कोचीनची दिवाणगिरी, पुढे व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात स्थान. १९४३ साली त्यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने १९४६ साली आपला अहवाल दिला. त्यातील आकडे आजही वाचवत नाहीत. सुमारे ६,३०० माणसांमागे एक डॉक्टर, जन्मलेल्या हजार मुलांतून वर्षाच्या आत मरणारी १६२, आणि जन्मलेल्या जिवाच्या वाट्याला येणारे सरासरी आयुष्य सत्तावीस वर्षांचे. समितीने प्राथमिक आरोग्यकेंद्रांची योजना मांडली, प्रतिबंधक व सामाजिक वैद्यक प्रत्येक डॉक्टराच्या शिक्षणाचा भाग व्हावा असे सांगितले, आणि लायसेन्शिएटांच्या शाळा बंद करून एकाच दर्जाचा ‘मूलभूत डॉक्टर’ तयार करण्याची शिफारस केली. या शेवटच्या मुद्द्यावर समितीतच दुमत होते. एवढ्या दरिद्री देशाला पाच-सहा वर्षे शिकलेला महागडा डॉक्टर खेड्यात कसा पुरेल, अशी विरोधी बाजू होती. आता मागे वळून पाहता ती बाजू अगदीच पोकळ होती, असे म्हणवत नाही. आणखी एक गोष्ट येथे नमूद केली पाहिजे. भोर समितीची चौकशी ब्रिटिश हिंदुस्थानापुरती होती. धार-देवासचे पाडे व विहिरी तिच्या कक्षेबाहेर राहिल्या.

२८ मे १९४८ रोजी मध्यभारत संघाची स्थापना झाली आणि थोरली पाती, धाकटी पाती, धार, सारेच एका कारभाराखाली आले. त्याच वर्षी इंदूरला महात्मा गांधींच्या नावाचे वैद्यकीय महाविद्यालय निघाले व जुन्या शाळेचा वारसा त्याने घेतला. देवासचे नाव मराठी रसिकांच्या तोंडी झाले तेही याच सुमारास. क्षयाने पीडलेले कुमार गंधर्व कोरड्या हवेसाठी तेथे येऊन राहिले, आणि काही वर्षांनी पुन्हा गाऊ लागले. देवासच्या हवेची कीर्ती त्यामुळे पसरली. पाण्याची गोष्ट मात्र वेगळी होती. १९९० च्या उन्हाळ्यात याच देवासला आगगाडीने पाणी आणावे लागले. पूर्वी एका रस्त्याला दोन पाणीपुरवठे होते, आता एकही पुरेसा उरला नव्हता.

पाणी हाच या साऱ्या कथेचा गाभा आहे, आणि तो नारूच्या रोगात सर्वांत स्पष्ट दिसतो. माळव्याच्या पश्चिमेला धार व झाबुआ जिल्ह्यांत नारू पिढ्यान्पिढ्या वस्तीस होता. दोन-तीन फूट लांबीचा हा दोऱ्यासारखा जंत पायाच्या कातडीला फोड आणून हळूहळू बाहेर पडतो. गावचा जाणता किंवा न्हावी काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढून काढी. मध्येच तुटला तर पाय सुजून माणूस महिनोन्महिने अंथरुणाला खिळे, आणि हे नेमके शेतीच्या कामांच्या दिवसांत घडे. आग शमवण्यासाठी रोगी पाय पाण्यात बुडवतो. पायऱ्यांच्या विहिरीत, बावडीत, उतरून पाणी भरावयाची चाल. त्यामुळे जंताची असंख्य पिले त्याच पाण्यात पडतात. तेथील बारीक पाणपिसू ती गिळते, ते पाणी माणूस पितो आणि वर्षभराने त्याच्या पायातून नवा नारू डोके काढतो. पाणपिसूचा हा दुवा फेदचेंको या रशियन शास्त्रज्ञाने १८७० च्या सुमारास तुर्कस्तानच्या मुलखात शोधला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत मुंबईच्या जंतुशास्त्रीय प्रयोगशाळेत डॉ. डी. ए. तर्खड यांनी नारूवर जिद्दीने प्रयोग केले.

म्हणजे रोगाचे कारण ठाऊक होते. तरीही शतकभर नारू हटला नाही. याचे कारण असे, की नारूवर ना गुणकारी औषध आहे, ना लस. दवाखान्यात बसलेल्या उत्तमातल्या उत्तम डॉक्टराजवळ त्याला देण्यासारखे काही नव्हते. मांडवगडावरच्या बावड्या धार जिल्ह्याचे भूषण आहेत. परंतु खेड्यातली साधी बावडी जोवर पायऱ्यांची आहे तोवर नारू राहणार, हे ज्याला समजले तोच त्याला हटवू शकत होता. १९८३-८४ मध्ये सात राज्यांत राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. मध्य प्रदेश व महाराष्ट्र ही दोन्ही त्यात होती. दिल्लीच्या राष्ट्रीय संसर्गजन्य रोग संस्थेने तिचे सूत्रचालन केले. १९८४ साली सुमारे चाळीस हजार रोगी आणि बारा हजारांवर बाधित गावे मोजली गेली. मग गावोगावच्या नोकरीतल्या माणसांना थोडक्या दिवसांचे शिक्षण मिळाले: घरोघर जाऊन चित्र दाखवावे व विचारावे, रोग्याला पाण्यात उतरू देऊ नये, पाणी दुहेरी कापडातून गाळून प्यावयास सांगावे, विहिरीत ठरलेल्या मात्रेने औषध टाकून पाणपिसू मारावी, पायऱ्या बंद करून कठडा व रहाट बसवावा, आणि जेथे जमेल तेथे हातपंप खोदावा. डॉक्टर, मुकादम, पाणीखात्याचा इंजिनियर, शाळामास्तर असे सारे एकाच वहीत आकडे भरीत होते. १९९६ च्या जुलैत राजस्थानातील जोधपूर जिल्ह्यात देशातला शेवटचा नारू नोंदला गेला आणि २००० च्या फेब्रुवारीत जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र दिले. एकही गोळी न देता एक रोग देशातून गेला.

कथा येथे संपती तर फार बरे झाले असते. पण ज्या हातपंपाने नारू व पटकी मागे हटली, त्याच हातपंपाच्या पाण्यात धार व झाबुआच्या पुष्कळ गावी फ्लोराइड निघाले. जमिनीच्या पोटातील खडकांतून ते पाण्यात उतरते, आणि खोल पाण्यात ते अधिक असण्याचा संभव असतो. लिटरमागे दीड मिलिग्रॅमपलीकडे ते गेले व वर्षानुवर्षे पोटात जात राहिले, की प्रथम मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे उमटतात. मग सांधे आखडतात, पाठ वाकते, आणि लहान वयात पाय वाकडे झाले तर ते जन्माचे. रोग्याला वाटते वात आहे. घाईत असलेला डॉक्टरही वातच समजून वेदनाशामक गोळी देतो. खरे निदान शाळेच्या वर्गात होते. रांगेने बसलेल्या पोरांना तोंड उघडावयास सांगून दातांचे पट्टे मोजले, की गावच्या पाण्याचा अहवाल हाती येतो.

येथे ज्ञानाची खरी कसोटी लागली. काल ज्या कार्यकर्त्याने गावाला सांगितले, की उघड्या विहिरीचे पाणी सोडा व हातपंपाचे प्या, त्यानेच आज काही गावांना सांगावयाचे होते, की हा हातपंप पिण्यासाठी वापरू नका, वरच्या थरातल्या विहिरीचे पाणी स्वच्छ राखून तेच प्या. लोकांनी त्याच्यावर विश्वास का ठेवावा? नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने युनिसेफच्या साहाय्याने एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात या दोन जिल्ह्यांत जे काम केले, त्यात फ्लोराइड शोषणाऱ्या घरगुती गाळण्या होत्या, पावसाचे पाणी साठवणे होते, विहिरींना कठडा व झाकण घालून त्या निर्धोक करणे होते, आणि जेवणात कॅल्शियम व क जीवनसत्त्व वाढवणेही होते. पावसाळ्यात बांधावर फुकट उगवणारा टाकळा आणि जंगलातला आवळा यांची किंमत अशा वेळी कळते. परंतु कोणता उपाय कोणत्या गावाला, हे ठरवावयास पाण्याचे पृथक्करण, भूगर्भाचा नकाशा, शाळेतल्या दातांची नोंद आणि गावकऱ्यांच्या सवयी या चारही गोष्टी एका डोक्यात एकत्र याव्या लागतात. वैद्यकाची पहिली पदवी हे शिकवीत नाही. पदवी मिळून, नोकरीत दहा वर्षे घासून निघाल्यावर हे शिकावेसे वाटू लागते, हेही खरे.

त्या शिकण्याची नवी सोय दरम्यान झाली होती. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेतील अच्युत मेनन केंद्राने १९९७ साली सार्वजनिक आरोग्याचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. २००१ साली चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेने उपयोजित साथरोगशास्त्राचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम काढला, आणि त्याची रचना जुन्या दरबारांचा पेच जणू ओळखून केलेली होती. राज्य सरकारांच्या सेवेतले डॉक्टर अधूनमधून काही आठवडे चेन्नईस येऊन वर्ग करीत, आणि उरलेला बहुतेक काळ आपल्याच जिल्ह्यात, आपल्याच खुर्चीवर राहून, तेथील साथीचा मागोवा घेत. तोच त्यांचा प्रबंध असे. दवाखान्याला कुलूप नाही, आणि शिकलेला माणूस पळून जाण्याचे भयही कमी. २००६ साली स्थापन झालेल्या भारतीय सार्वजनिक आरोग्य प्रतिष्ठानच्या संस्थांनीही सरकारी नोकरीतल्या डॉक्टरांसाठी वर्षभराच्या पदविका काढल्या. या शिक्षणाला अजूनही मान थोडा आहे, ही गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. शस्त्रक्रिया शिकून आलेला डॉक्टर गावात पाटी लावतो. साथरोगशास्त्र शिकून आलेल्याला पाटी लावावयास जागा नसते, आणि त्याच्या हातून जे रोग घडत नाहीत त्यांबद्दल कोणी त्याचे आभार मानावयास येत नाही.

धार जिल्ह्यातच पीथमपूर ही मोठी औद्योगिक वसाहत आहे. भोपाळच्या १९८४ च्या वायुदुर्घटनेनंतर कारखान्यात चाळीस वर्षे पडून राहिलेला ३३७ टन विषारी कचरा न्यायालयाच्या आदेशानुसार २०२५ च्या जानेवारीच्या आरंभी बारा बंद वाहनांतून तेथे जाळण्यासाठी आणला गेला. पीथमपूरचे लोक रस्त्यावर उतरले. बाजार बंद झाला, दोघांनी अंगावर ज्वालाग्राही पदार्थ ओतून घेतला. आपल्या विहिरींचे, मुलांचे, शेतांचे काय होणार, एवढेच त्यांना विचारावयाचे होते. आधी थोड्या थोड्या कचऱ्याच्या तीन चाचण्या झाल्या, धुराची मोजमापे घेतली गेली आणि जूनअखेर सारा कचरा जळून संपला. राख शिल्लक राहिली. ती कोठे, किती खोल व कशाच्या वेष्टनात ठेवावयाची, आणि तिच्या आसपासच्या विहिरींचे पाणी किती वर्षे, किती महिन्यांच्या अंतराने व कोणी तपासावयाचे, हे प्रश्न त्या राखेबरोबर धार जिल्ह्याच्या आरोग्यखात्याच्या दारी आले आहेत.